ताईने परत केलेल्या आठ गोळ्या

धुळवडीच्या दुपारी मला पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवतोय म्हणून थांबवलं. मी प्यायलेलो नव्हतो. घोडबंदर रोडला त्या दिवशी नाकाबंदी असतेच. गाड्यांची रांग लागलेली. मी कागद दाखवायला खाली उतरलो आणि माझी दोन पावलं तिरपी पडली. हवालदाराने यंत्र तोंडाशी धरलं, शून्य आलं. त्याने पुन्हा फुंकायला लावलं, पुन्हा शून्य. माणूस चांगला होता, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मशीन काय नाय बोलत, पण तुमची चाल बोलते. गाडी वहिनींना चालवू द्या."

माझी बायको कल्पना शेजारीच बसलेली. तिने स्टेअरिंग घेतलं. पार्किंगमध्ये गाडी बंद करून मग एकेक सांगायला लागली. सहा महिन्यांपासून माझ्या कपातला चहा बशीत सांडतो. बँकेने सही जुळत नाही म्हणून दोनदा फोन केलेला. फोनवर माझी जीभ जड वाटते, गिऱ्हाइकं तिला विचारतात. तिने हे सगळं मनात साठवून ठेवलेलं, कारण मी चिडेन अशी तिला भीती होती. मी चिडलोच.

मी नरेश, वय तेव्हा चव्वेचाळीस. बांधकामाचं सामान पुरवायचा धंदा. आमचे लोक पूर्वी मिठागरात राबायचे, थोडी भातशेती होती. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातल्याच एकात आम्ही राहतो: मी, कल्पना आणि माझी आई. आम्हाला मूलबाळ नाही. माझी ताई, पुष्पा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. ती मोहने गावात दिलेली. भावोजी लवकर गेले. तिची मुलगी मानसी आमच्याकडच्याच एका ऑफिसात कामाला आहे, म्हणून सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे असते आणि सुट्टीला आईकडे जाते. ती भाची आहे हे आम्ही विसरूनच गेलोय.

ही हकीगत मी फोनमध्ये बोललो आणि मानसीने टाइप केली. ज्यांच्या घरात असं काही निघालं असेल त्यांना थोडी सोबत व्हावी, एवढाच हेतू. औषधांची नावं मी देणार नाही, त्यासाठी तुमचे डॉक्टर आहेत.

वास

ठाण्यातल्या डॉक्टरबाईंनी मला चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, डोळे तपासले. मग घरात आणखी कुणाला असं आहे का विचारलं. मी ताईचं सांगितलं. तिला दोन वर्षं तोल राहत नव्हता, पण सगळे गुडघ्यांवर ढकलत होते. गुडघ्याला तेल लावून लावून तिची बाटली संपायची. बाई म्हणाल्या, सगळ्यांना घेऊन या.

पुढच्या खेपेला आम्ही पाच जणं त्या छोट्या खोलीत बसलो. बाईंनी वडील कशाने गेले विचारलं. मी म्हणालो, दारूने. वडील खाडीलगतच्या खाजणाच्या बांधावरून पाण्यात पडून गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. त्याआधी पाच-सहा वर्षं ते झुलतच चालायचे. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं.

"प्यायलेले कुणी पाहिलेत?" बाईंनी विचारलं. "तोंडाला वास यायचा?"

मी आईकडे बघितलं. आई पदराच्या टोकाशी काहीतरी करत होती. ताई म्हणाली, मी त्यांचा हात धरून आणायची, मला कधी वास आला नाही. घरात कधी बाटली सापडली नाही. आईने शोधलेली, तांदळाच्या कोठीतसुद्धा. तरी ती रोज त्यांच्याशी भांडायची आणि ते म्हणायचे की मी नाही गं प्यायलो. प्रत्येक पिणारा हेच म्हणतो, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मला स्वतःचंही सांगायला हवं. शाळेतून येताना ते रस्त्यात दिसले की मी मागे राहायचो. ओळख दाखवायची नाही म्हणून दुकानात शिरायचो. त्यांनी ते बघितलेलं असणार.

महिन्याभराने माझा आणि ताईचा रक्ताचा रिपोर्ट आला. अटॅक्सिया. लहान मेंदू हळूहळू झिजत जातो, त्यामुळे तोल जातो, हात चुकतात, बोलणं अडखळतं, पुढे गिळणं अवघड होतं. हा रक्तातून येतो. वडिलांकडून आम्हा दोघांना आलेला, आणि ताईकडून मानसीला यायची शक्यता निम्मी. यावर बरं करणारं औषध नाही. बाईंनी हे अगदी साध्या शब्दांत, खुर्ची आमच्याकडे ओढून घेऊन सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. त्या दिवसातली ही गोष्ट मला कायम आठवते.

गाडीत आई पहिल्यांदा बोलली. "मना काय म्हायती? लोकं बोलली, न मी पन बोलले."

आईच्या फेऱ्या

दुसऱ्या दिवसापासून आई सकाळी काठी घेऊन बाहेर पडायला लागली. वय अठ्ठ्याहत्तर. आम्हाला वाटलं देवळात जाते. आठवड्याने जुन्या गावठाणातल्या एका चुलत काकांचा फोन आला, तेव्हा कळलं. वडिलांना ओळखणारी जेवढी म्हातारी माणसं गावात उरली होती, त्यांच्या दारात जाऊन ती सांगत होती की तो प्यायचा नाही. त्याला आजार होता. डॉक्टरांनी लिहून दिलंय. माझ्या दोन्ही पोरांना तोच झालाय.

एकाने तिला म्हटलं, आता इतक्या वर्षांनी काय करायचंय. ती तिथेच ओट्यावर बसली आणि तो "बरं, नव्हता पीत" म्हणेपर्यंत उठली नाही. रिपोर्टची झेरॉक्स तिच्या पिशवीत असायची. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने मानसीकडून वडिलांना लागू असलेल्या ओळीखाली पेनाने रेघ मारून घेतलेली. रिपोर्ट खरं तर माझा होता, वडिलांचं नाव त्यात फक्त माझ्या नावामागे होतं. मानसीने त्या नावाखालीच रेघ मारून दिली. माझा आजार मला तोवर खरा वाटला नव्हता. आईला त्या पिशवीसकट लिफ्टमधून उतरताना बघितलं आणि तो खरा वाटला.

ताईची परीक्षा

पावसाळा संपता संपता डॉक्टरबाईंनी सांगितलं की या आजारावर एका नव्या औषधाची चाचणी त्यांच्या हॉस्पिटलात सुरू होतेय. प्रयोगातलं औषध, अजून बाजारात नाही. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाला काय मिळतं ते आम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही. त्यांनी तीन वेळा बजावलं की याने तुमचा फायदा होईल असं मी म्हणत नाही. आम्ही तीनही वेळा मान डोलावली आणि मनात धरलं की फायदा होणार.

चाचणीत घ्यायची एक अट होती. आठ मीटर आधाराशिवाय चालता आलं पाहिजे. ताई तेव्हा वॉकर घ्यायला लागलेली. तिने महिनाभर मोहन्याच्या गल्लीत सराव केला. शेजारच्या बायका दोन्ही बाजूंनी उभ्या राहायच्या, न शिवता. मानसीने फरशा मोजून आठ मीटरची खूण खडूने केलेली. घरी तिला चार-पाच वेळा जमलंही.

हॉस्पिटलच्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये तिने सहाव्या पावलाला भिंत धरली. पुन्हा संधी दिली, पुन्हा धरली. मग माझा नंबर. मी झुलत झुलत, पण पोचलो. पोचल्यावर मागे वळून बघायची माझी हिंमत होईना. ताई बाकावर बसलेली आणि मानसीला सांगत होती, आयुष्यात दुसऱ्यांदा नापास, पहिल्यांदा दहावीला. मानसी हसली आणि पाणी आणते सांगून गेली. बराच वेळ आली नाही.

हॉस्पिटलचा दिवस

संमतीपत्र बावीस पानांचं होतं. चाचणीचं सगळं काम बघणारी रश्मी नावाची मुलगी, तिने प्रत्येक पान मराठीत वाचून दाखवलं, समोर कॅमेरा सुरू. मधेच थांबून ती विचारायची, मी आता काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. शाळेनंतर मला असं कुणी विचारलं नव्हतं.

मग दर महिन्याला एक दिवस तिथे. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग कॅन्टीनमध्ये उपमा, मग परीक्षा. बोट नाकाला, टाच नडगीवरून खाली, पाय जोडून उभं राहायचं, टाचेला अंगठा लावून दहा पावलं. नऊ खुंट्या नऊ भोकांत बसवायच्या आणि काढायच्या, रश्मीच्या हातात घड्याळ. खुंटी खाली पडली की ती चटकन उचलून द्यायची आणि बघितलंच नाही असा चेहरा करायची.

तिथे डोंबिवलीचे एक काका यायचे, निवृत्त बँक मॅनेजर, शुद्ध बोलणारे. आम्ही दोघं एकाच दिवशी असायचो. ते म्हणाले, "आपल्या दोघांपैकी एकाला तरी खरं औषध मिळत असणार. ते तुम्हाला मिळत असेल तर माझी हरकत नाही, तुम्ही तरुण आहात." मी त्यांना म्हटलं की मला तर रिकामीच मिळतेय, मला खात्री आहे, कारण फरक काही नाही. त्यांचंही तेच म्हणणं होतं. दोघं रिकाम्या गोळीवाले म्हणून आमची गट्टी जमली.

फरक नव्हता असंही नाही. तोंड कडू पडायचं, सकाळी मळमळायचं. पण रश्मी म्हणाली, रिकाम्या गोळीनेही लोकांना मळमळतं.

घरातलं सोपं नव्हतं. एकदा गिऱ्हाईक घरी जेवायला होतं आणि कल्पनाने त्याच्यासमोर माझ्या पानातली भाकरी कुस्करून दिली. तो गेल्यावर मी ताट सरकवलं आणि नको ते बोललो. ती ओट्याशी पाठ करून भांडी घासत राहिली. दोन दिवसांनी बाजारातून दोन कानांचे स्टीलचे मग घेऊन आली, पाच. आई, ती, मानसी, ताई आली की ताई, सगळ्यांना त्याच मगात चहा. माझा वेगळा दिसू नये म्हणून. आई आधी कुरकुरली, मग म्हणाली बरा आहे, हात भाजत नाही. मी कल्पनाची माफी मागितली ती त्या मगावरून नाही, भाकरीवरून. तिला तोवर भाकरी आठवतही नव्हती, असं ती म्हणाली. मला ते पटलं नाही, पण मी वाद घातला नाही.

आठ गोळ्या

आता मी केलेली चूक. वाचणाऱ्यांनी ती करू नये म्हणून सांगतोय.

चौथ्या महिन्यात ताई बाथरूममध्ये पडली. कपाळाला टाके. मी बघायला गेलो तेव्हा ती पलंगावर बसून भाजी निवडत होती आणि मेथीची पानं तिच्या चिमटीतून सुटत होती. परत येताना मी ठरवलं की रिकाम्या वाटत असल्या तरी न जाणो खऱ्या निघाल्या तर, म्हणून माझ्या गोळ्यांतल्या अर्ध्या तिला द्यायच्या. एक सकाळी एक संध्याकाळी अशा असायच्या. चार दिवस मी घेतल्या नाहीत. आठ गोळ्या रुमालात बांधून मोहन्याला गेलो. मानसी ऑफिसात होती, घरात आम्ही दोघंच.

मी रुमाल तिच्या मांडीवर सोडला. काय आहे ते सांगितलं. म्हणालो, आपण दोघं निम्म्या-निम्म्या घेऊ, बाटलीतल्या तेवढ्याच संपतील, कुणाला कळणार नाही.

ताईने एक गोळी उचलून उजेडात धरली. पिवळी, लहानशी. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता घेणार. तिला घ्यावीशी वाटत होती, हे तिनेच नंतर सांगितलं. तिने गोळी परत ठेवली.

"बाला, हे औषध लागू पडतंय की नाय, हे त्यांना कसं कळणार? तू घेतोस म्हणून ना? मग तू नाय घेतलंस तर ते चुकीचं लिहिणार."

मी म्हणालो, माझ्या एकट्याने काय फरक पडतो.

"माझी मानसी हाय," ती म्हणाली. "तिला पुढं लागलं, तर कुणीतरी खरं लिहून ठेवलेलं पाहिजे. मना गोली नको. तू नीट घे."

तिने रुमालाला गाठ मारायचा प्रयत्न केला, जमेना. मी मारली. मग तिने मला तिच्यासमोर रश्मीला फोन करायला लावला. मी म्हटलं, ते मला काढून टाकतील. ती म्हणाली, काढू दे, पण सांग.

मी सगळं सांगितलं. मग रश्मी म्हणाली की मला हे लिहून वर कळवावं लागेल, आणि तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. आठवडाभर निरोप नव्हता. तो आठवडा मी धड जेवलो नाही. मग तिचा फोन आला की तुम्ही चाचणीत आहात, बाकीच्या गोळ्या आणि त्या आठ परत आणून द्या, नवी बाटली मिळेल. तिने आठही मोजून वेगळ्या पाकिटात घातल्या आणि त्यावर तारीख टाकली. ताईचं नाव कुठेच लिहिलं नाही, पण मला विचारलं, ताई कशा आहेत. त्यानंतर दर महिन्याला विचारायची.

निकाल

चाचणी संपली. काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं, मी ताईलाही नेलं. मला वर्षभर खरं औषध मिळत होतं. डोंबिवलीच्या काकांना रिकामी गोळी. आणि दोघांची घसरण जवळजवळ सारखी झालेली. सगळ्या लोकांचं मिळून बघितलं तरी औषधाने जे करायला हवं होतं ते केलं नव्हतं. कंपनी ते थांबवत होती.

मी वर्षभर म्हणत आलेलो की मला रिकामी मिळतेय. त्या म्हणण्यात एक आशा होती, ती मला तेव्हा कळली. खरं औषध कुठेतरी आहे, फक्त माझ्या बाटलीत नाही, अशी. आता ती जागाही उरली नाही.

ताईने बाईंना विचारलं, हे नाही चालत हे आता नक्की कळलं ना? बाई म्हणाल्या, हो, नक्की. आणि हे कळायलाच इतकी वर्षं लागतात, औषधाच्या दुसऱ्या दोन वाटा आता जास्त नीट बघता येतील. ताईने माझ्या पाठीवर हात फिरवला. म्हणाली, सगलं नशीब तुझ्या बाटलीत आलं, न तेच फुसकं निघालं. बाई आधी दचकल्या, मग त्यांनाही हसू आवरेना. आम्ही तिघंही हसलो, आणि मग मी रडलो.

घरी आल्यावर मी काकांना फोन केला. ते म्हणाले, म्हणजे रिकामी माझीच होती, मी जिंकलो. मग म्हणाले, रविवारी डोंबिवलीला जेवायला या.

मानसी

आता माझ्या हातात काठी आहे. धंदा कल्पना बघते, माझ्यापेक्षा चांगला. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून हनुवटी खाली करून प्यायला शिकलोय. ताई व्हीलचेअरवर आहे, आणि मोहन्याच्या गल्लीतल्या बायका आता तिच्याकडे येऊन बसतात. वाईट दिवस असतात. ते रोज नसतात.

मागच्या महिन्यात मानसीने आम्हाला सांगितलं की तिने एका नव्या अभ्यासात नाव दिलंय. त्यात औषध नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे पण ज्यांना अजून काही झालेलं नाही, अशांना दर वर्षी तपासतात, म्हणजे आजार सुरू कसा होतो ते कळेल. रक्त घेतात, पण नको असेल तर रिपोर्ट सांगत नाहीत. तिला नको होता. तिला फक्त जायचं होतं.

मी विरोध केला. म्हटलं, हे घर या आजाराला तीन माणसं देऊन बसलंय, पुरे. ती भांडली नाही. म्हणाली, "मामा, मी आजारी नसले तरी त्यांना माझा उपयोग आहे. असले तरी आहे. मला असं दुसरीकडे कुठे सांगितलं नाहीये कुणी." मग तिने मला सोबत यायला सांगितलं. ताईला नको म्हणाली, तू ये.

तिथेही रश्मीच होती. कॅमेरा, पानं, तुमच्या शब्दांत सांगा. रश्मीने विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. मानसी म्हणाली, हो, मामाचा, येऊ नको म्हणून. तेही रेकॉर्ड झालं.

मग परीक्षा. बोट नाकाला, टाच नडगीवरून. चालायच्या आधी चपला काढायला सांगतात. तिने त्या माझ्या मांडीवर ठेवल्या. टाचेला अंगठा लावून दहा पावलं. इतक्या वर्षांत मला ती चाल वाचता येते. तिसऱ्या पावलाला खांदा किती कलतो, बोटं हवेत काय करतात, हे मला रश्मीइतकंच कळतं. डॉक्टरांनी न सांगितलेलं मी त्या दहा पावलांत बघू शकलो असतो.

मी बघितलं नाही. तिच्या चपलांचे पट्टे सरळ करत बसलो. डाव्या चपलेची शिवण उसवलेली, ती बोटाने चाचपत राहिलो, तिची पावलं थांबेपर्यंत.

ती आली आणि एक हात माझ्या खांद्यावर ठेवून चपला घालायला लागली. मी चपला तिच्या पायांसमोर नीट जोडून ठेवल्या, मला वेळ लागला, तिने लागू दिला. मग म्हणाली, चल मामा, उपमा खाऊ.